घडीवर थबकणारा प्रिंटर

दुकानाचं शटर मी कायमचं खाली ओढलं त्याला आता काही वर्षं झाली, तरी आठवड्यातून एखादा फोन येतोच. "अण्णा, प्रिंटरचा लाल दिवा लागलाय, काही केल्या छापेना." मी विचारतो, "कागद घातलाय का?" पलीकडे ट्रे ओढल्याचा आवाज. मग हळूच, "थांबा हं," आणि फोन बंद. तीस वर्षांच्या धंद्यातल्या निम्म्या तक्रारी माझ्या या एका प्रश्नावर मिटल्या आहेत. उरलेल्या निम्म्यांसाठी मात्र पेचकस, रॉकेलचा बोळा आणि कान लागत असत.

कानाचं आधी सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. आजकालचे शाईचे प्रिंटर मुकाट्याने छापतात. आमच्या उमेदीतले डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बोलायचे. त्यांच्या डोक्यात बारीक सुया असतात, त्या शाईच्या पट्टीवर टकाटका आपटतात आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटतं. सुई वाकली, तेल सुकलं, पट्टी अडकली, प्रत्येकाचा आवाज वेगळा. माळशिरसकडच्या एका वजनकाट्यावर पावत्या छापणारा असाच एक प्रिंटर होता. ऐन हंगामात तो बंद पडला. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, ड्रायव्हर काटेवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार करतायत, आणि काटेवाला सोलापुरात मला फोन करून रडकुंडीला आलेला.

"रिसीव्हर प्रिंटरजवळ धरा," मी म्हणालो, "आणि बटण दाबा."

मी डोळे मिटून ऐकलं. "डावीकडं जाताना घासतंय. पट्टीच्या खालच्या खाचेत बोट घालून बघा."

उसाच्या पाचटाचा, म्हणजे वाळक्या पानाचा एक तुकडा निघाला. तेव्हापासून 'फोनवर ऐकून प्रिंटर दुरुस्त करणारा मल्लूअण्णा' अशी माझी ख्याती झाली. ख्याती माणसाला चढते, तशी मलाही चढली. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती गोष्ट चहाबरोबर फुकट ऐकवत असे. बायको म्हणायची, "त्या पाचटाचा आता गूळ झाला असेल, पुरे करा."

मग वायफाय आलं. घरोघरी भिंतीवर दिवे लुकलुकणारा डबा बसला आणि लोकांना वायरीचा तिटकारा आला. प्रिंटर मात्र जुने, वायरीचे. ते धडधाकट होते, टाकून द्यायला जीव होत नव्हता. अशा प्रिंटरला बिनवायरीच्या जाळ्यात ओढायचं काम मी शिकलो. काम फार अवघड नाही. बाजारात हातात मावेल एवढी एक डबी मिळते. प्रिंटरची वायर संगणकाऐवजी त्या डबीत खोचायची. डबीला घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड सांगायचा. वीज गेली-आली तरी बदलणार नाही असा एक कायमचा पत्ता तिला द्यायचा, म्हणजे लॅपटॉप तिला रोज शोधत बसत नाही. शेवटी लॅपटॉपला सांगायचं, की बाबा, या पत्त्यावर अमुक जातीचा प्रिंटर राहतो आणि त्याच्यात अमुक मापाचा कागद असतो. झालं. वरच्या मजल्यावरून हुकूम सोडला की खालचा प्रिंटर छापायला लागतो.

करकंबच्या एका झेरॉक्सवाल्याकडे मी सकाळी अशी डबी बसवून आलो. दुपारी त्याचा फोन, "बंद पडला." एवढ्या लांब परत गेलो, तर डबी आणि प्रिंटर यांच्यामधली वायर काढून, नीट गुंडाळी करून त्याने खिळ्याला टांगलेली.

"ही का काढली?"

"तुमीच म्हनलाव न्हवं, वायरलेस हाय म्हनून? मग ही वायर कशाला ठिवायची?"

तेव्हा मी पोट धरून हसलो. पण आता वाटतं, त्याचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. वायर पूर्ण जात नाहीच, नुसती आखूड होते. आणि जी वायर आपण काढतो तिच्याबरोबर आणखी काय निघून गेलं ते लगेच कळत नाही. मला ते नरसय्या मास्तरांच्या घरी कळलं, आणि तिथे हसायला कुणी नव्हतं.

नरसय्या मास्तर सोलापूरच्या पूर्वभागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले. चादरीच्या नक्षीचे जुने जाणकार. घरामागच्या शेडमध्ये त्यांचे चार माग. चादरीवर मोर, वेल, कमळ कसं येतं ते बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, मोकळा चौकोन म्हणजे धागा खाली. कागदावरच्या एका आडव्या ओळीला एक पुठ्ठ्याचं कार्ड, आणि भरलेल्या प्रत्येक चौकोनाला त्या कार्डात एक भोक. अशी शेकडो कार्डं दोऱ्याने ओवून मागाच्या वर चढवली की माग आपोआप नक्षी विणतो. एक ओळ चुकली तर ती चूक प्रत्येक चादरीत उतरते.

मास्तर हे कागद पूर्वी हाताने रंगवत. पुढे त्यांनी संगणक घेतला आणि त्याला रुंद डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मीच जोडून दिला. या कामाला दुसरा प्रिंटर चालत नाही. सुट्या कागदांवर छापलं तर तुकडे चिकटवत बसावं लागतं. त्यांचा कागद दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीवर घडी घातलेला, सलग. मास्तरांची घरची भाषा तेलुगू, माझी कन्नड, आणि आमची भांडणं मराठीत. पण माणूस देवासारखा.

त्या घरात एक रीत होती. कागद प्रिंटरमधून बाहेर पडला की मास्तर तो मांडीवर घेत आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत. "तीन भर, दोन सोड, सात भर, एक सोड." समोर बसलेल्याने मूळ नक्षीशी ताडून हुंकार द्यायचा. याला ते 'वाचन' म्हणत. वाचन झाल्याशिवाय कागद भोकं पाडणाऱ्या कार्डवाल्याकडे जात नसे. शेवटची काही वर्षं समोर बसायची ती त्यांची सून, पद्मजा. लग्न होऊन आली तेव्हा तिला चौकटीचा कागद म्हणजे गणिताची वही एवढंच माहीत होतं. हुंकार देता देता ती शिकली. मास्तर मला म्हणायचे, "पोरीच्या नजरेत नक्षी हाय बघ मल्लन्ना. मुलाच्या नजरेत फक्त माग हाय." मुलगा श्रीनिवास शेजारी असला तरी ते हे म्हणायचे, म्हणून श्रीनिवास बहुधा शेजारी नसायचा.

मग मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. पुढच्या खोलीत त्यांची खाट पडली. प्रिंटरच्या कर्कश आवाजाने त्यांना त्रास नको म्हणून श्रीनिवासने प्रिंटर तिथून हलवून जिन्याखाली ठेवला. जुना संगणक तोवर मरायला टेकला होता. पद्मजा आता वरच्या खोलीत लॅपटॉपवर नक्षी काढायची, कारण तिचं लहान मूल वरच झोपायचं. श्रीनिवासने मला बोलावलं. "अण्णा, वरनं सोडलं की खाली निघालं पाहिजे. मधे कुणाला उठबस नको."

पद्मजाने तेव्हा पहिलीच स्वतःची नक्षी केली होती. तोवरच्या सगळ्या नक्ष्या मास्तरांच्या, ही तिची. फुलांची वेल, चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही न तुटणारी. एका व्यापाऱ्याने लॅपटॉपवरचा नमुना बघून होकार दिला होता. श्रीनिवासचं मन मात्र अर्धवट होतं. त्याला बाजारातून तयार नक्ष्या आणायच्या होत्या. "ही एक चालली तर पुढं बघू," असं त्याने बायकोला सांगितलेलं, आणि तिने मला ते डबीची वायर खोचताना सांगितलं. सांगताना हसत होती, पण बोटं लॅपटॉपच्या कडेवरून सारखी फिरत होती.

मी डबी बसवली, पत्ता दिला, लॅपटॉपला ओळख करून दिली. जेवणाची सुट्टी होती, त्यामुळे माग बंद होते. पद्मजाने वरून आपल्या वेलीची नक्षी छापायला सोडली आणि जिन्याखाली प्रिंटर चर्र चर्र करत चालू झाला. ती धावत खाली आली आणि टाळ्या पिटायला लागली. श्रीनिवासने मोबाइलवर फोटो काढला. मी कंबरेवर हात ठेवून उभा.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली. "मल्लन्ना."

मी गेलो. मास्तरांनी डावा हात कानाशी नेला. जीभ साथ देत नव्हती, एकेक शब्द ओढून काढल्यासारखा येत होता.

"घडीवर… थबकतंय."

"काय थबकतंय, मास्तर?"

"मशीन. कागदाची घडी आली… की थबकतंय. आधी… नव्हतं."

आता खरं तर मी काय करायला हवं होतं? परत जिन्याखाली जाऊन, डोळे मिटून, ऐकायला हवं होतं. सगळं आयुष्य मी तेच करत आलो होतो. पण मी ख्यातीचा माणूस. आणि माझ्या मनात आलं, म्हाताऱ्याला प्रिंटर खोलीतून नेल्याचं दुःख आहे, म्हणून खोट काढतोय. मी त्यांच्या हातावर थोपटून म्हणालो, "वायरलेस आहे मास्तर. हवेतून यायला वेळ लागतो थोडा."

हे वाक्य पूर्ण खोटं होतं. म्हणजे मला खरं माहीत होतं आणि मी लपवलं असं नाही. मी विचारच केला नव्हता, नुसतं तोंडाला आलं ते बोललो. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं.

तो कागद वाचनासाठी त्यांच्याकडे गेला नाही. जिन्याखालून थेट कार्डवाल्याकडे गेला. कुणी मुद्दाम डावललं नाही हो. आजारी माणसाला कशाला त्रास, एवढंच. पूर्वी वायरच अशी होती की छापायचं तर त्यांच्या खोलीतच जाऊन बसावं लागे. आता ती गरज उरली नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी श्रीनिवासचा फोन आला. आवाज थंड. "अण्णा, येऊन ती डबी काढून न्या. प्रिंटर पण विकून टाका कुठं गिऱ्हाईक मिळालं तर. नक्षीचं काम बंद केलंय."

गेलो. शेडच्या दारात चाळीस चादरी रचलेल्या. व्यापाऱ्याने परत पाठवलेल्या. श्रीनिवासने वरची एक झटकून माझ्यासमोर धरली. वेल सुंदर वर चढत होती आणि ठरावीक अंतरावर तिला खाच पडली होती. जणू कुणी देठ कापून किंचित बाजूला चिकटवलाय. जी वेल कुठेच तुटणार नव्हती, ती पाच ठिकाणी तुटली होती.

"लॅपटॉपवर चित्र काढणं येगळं आणि माग येगळा," श्रीनिवास म्हणाला. "मी आधीच सांगितलं होतं की हिला."

पद्मजा जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी दहा वेळा तपासलं अण्णा. लॅपटॉपवर बरोबर दिसतं. माझंच कुठंतरी चुकतंय, पण कुठं ते कळंना." तिचे डोळे कोरडे होते. रडून झालेले असावेत.

डबी काढण्याआधी, निव्वळ सवयीने, मी तिला म्हटलं, "एकदा छापायला सोड."

प्रिंटर चालू झाला. मागांचा खडखडाट होता, म्हणून मी वाकून कान लावला. चर्र, चर्र, चर्र. मग घडी आली. टक्. एक श्वास घेण्याएवढी विश्रांती. पुन्हा चर्र.

मी पद्मजाला लॅपटॉप खाली आणायला सांगितलं. मी लॅपटॉप उघडला आणि कागदाचं माप बघितलं. मास्तरांचा कागद दर बारा इंचांवर घडी असलेला. लॅपटॉपने मात्र आपल्या मनाने कचेरीतला साधा कागद धरला होता, आणि मी तो बदललाच नव्हता. त्याच्या हिशेबाने पान लवकर संपत होतं. म्हणून उरलेला कागद तो घडीपर्यंत कोराच सरकवत होता, आणि त्या कोऱ्या पट्टीत सापडलेल्या दोन ओळी छापतच नव्हता. कार्डवाल्याने ती पट्टी समास समजून सोडून दिली होती. जुन्या संगणकात हेच माप मी स्वतः, मास्तरांनी पट्टी लावून दाखवल्यावर, बारा इंच करून ठेवलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता कबूल करतो. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे कुणालाच कळलेलं नाही. माप बदलायला दोन बोटं लागतात. डबी तर काढूनच न्यायची आहे. पद्मजा स्वतःच म्हणतेय की तिचं चुकलं. माझं नाव तसंच झळकत राहील. चहा आला, मी कप हातात घेतला आणि तो संपेपर्यंत गप्प बसलो. तेवढा वेळ मी चांगला माणूस नव्हतो.

पुढच्या खोलीत मास्तर उशीला टेकून बसले होते. दार उघडंच होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते. डाव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडावर वाजवत होते. टक टक टक टक, मग थांबत. पुन्हा टक टक टक टक, मग थांबत. प्रिंटर तर केव्हाच बंद झाला होता.

मी उठलो. श्रीनिवासला आत बोलावलं, पद्मजालाही. मास्तरांच्या खाटेपाशी उभा राहून म्हणालो, "चूक माझी आहे. हिची नक्षी बरोबर आहे. कागदाचं माप मी तपासलं नाही. घडीपाशी ओळी गळतायत. मास्तरांनी त्याच दिवशी ऐकलं होतं, मला सांगितलं पण होतं. मी त्यांना उडवून लावलं."

श्रीनिवास खाटेच्या कडेला टेकला. मग म्हणाला, "अण्णा, मी हिला नको नको ते बोललो की हो." तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. पद्मजा मात्र सासऱ्यांच्या खाटेजवळ खाली बसली आणि म्हणाली, "मामय्या, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

मास्तरांनी कष्टाने शब्द गोळा केले. "हा… जाणकार म्हणाला… हवेतून येतं. मला वाटलं… आपलेच कान म्हातारे झाले."

आयुष्यात मला गिऱ्हाइकांनी शिव्या दिल्या आहेत, एकाने तर चप्पल उगारली होती. पण या वाक्याइतकं मला काही लागलं नाही. पन्नास वर्षं मागाच्या गलक्यात एका तुटलेल्या धाग्याचा आवाज ओळखणारा माणूस, माझ्या एका फुशारकीच्या वाक्याने स्वतःच्या कानांवरचा विश्वास घालवून बसला होता. मला लाज वाटली. आजही लिहिताना वाटते.

डबी मी काढली नाही. माप बदललं. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याकडेही श्रीनिवासबरोबर गेलो आणि त्याच्यासमोर हेच पुन्हा बोललो. आणि श्रीनिवासच्या मदतीने प्रिंटर उचलून परत मास्तरांच्या खोलीत, खाटेच्या डाव्या बाजूला ठेवला. पद्मजा वरून छापायला सोडायची. आवाज ऐकला की मास्तर ताठ बसायचे, कागद डाव्या हाताने ओढून घ्यायचे. पद्मजा मुलाला कडेवर घेऊन खाली यायची. वायर नव्हती तरी ती यायची, कारण आता आपण का यायचं ते तिला ठाऊक होतं. आता ती वाचायची, "तीन भर, दोन सोड," आणि हुंकार मास्तर द्यायचे. तिची ती न तुटणारी वेल पुन्हा विणली, आणि या वेळी परत आली नाही.

मास्तर त्यानंतर दोन वर्षं होते. ते गेल्यावर पद्मजाने नवीच रीत पाडली. नवी नक्षी पहिल्यांदा छापायची असली की तिचा मला फोन येतो. "अण्णा, वाचनाची वेळ झाली," एवढंच म्हणते आणि फोन प्रिंटरशेजारी ठेवते. मी घरी आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकतो. माळशिरसच्या काट्यासारखंच. बायको तेवढा वेळ कुकरसुद्धा लावत नाही.

गेल्या महिन्यातही फोन आला. प्रिंटर चालू झाला, मी ऐकत राहिलो. चर्र, चर्र, चर्र. सगळं सरळ. कागद संपल्यावर तिने फोन उचलला. मी म्हणणार होतो, "उत्तम, पाठव कार्डवाल्याकडे." पण त्याआधी तीच म्हणाली, "अण्णा, चौथ्या घडीला जरासं जड गेलं ना?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझे कान आता खरोखरच म्हातारे झाले आहेत. फोनमध्ये असंच वाजतं, असं काहीतरी सांगता आलं असतं. वाक्य ओठांवर आलंही होतं.

"मला नाही ऐकू आलं," मी म्हणालो. "पण तुला आलं ना? मग कागद उलगड आणि बघ."

तिने फोन खाली ठेवला. कागद उलगडल्याची सळसळ आली. बराच वेळ नुसतं तिचं पुटपुटणं येत राहिलं, तीन भर, दोन सोड, आणि मी जागेवरून न हलता, बोटाने खुर्चीच्या हातावर टकटक करत, हुंकार देत बसलो.

"सापडलं अण्णा," ती म्हणाली.